झोपे, नाईट शिफ्ट

माझं आडनाव झोपे.
दीपनगरच्या कंट्रोल रूममध्ये हा विनोद
तेवीस वर्षं पेटलेला आहे,
बॉयलरसारखा.

रात्री तीनला पॅनेलवरचे आकडे
पोहायला लागतात,
तेव्हा थर्मासमधली काळी कॉफी.
बिनदुधाची, बिनसाखरेची, जीभ पोळणारी.
बाहेर मे महिना, राखेचा वास,
मध्यरात्रीही भिंतीला हात लावावा तर ताप;
आत एसी एवढा की स्वेटर घालून
आम्ही आगीवर नजर ठेवतो.

मग जळजळ सुरू झाली, छातीच्या मधोमध.
भुसावळचे डॉक्टर भारंबे म्हणाले, कॉफी बंद.
मी लगेच मान डोलावली.
कुमुद मागच्या खुर्चीवरून म्हणाली,
"आन् ते कयन्याची भाकर, ठेचा, वरून तेल?
शिफ्ट सुटली का शेवभाजी?
ते नाही सांगितलं त्याह्यले."
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं,
परत काढलं.

मोक्षदा फैजपूरला फार्मसी शिकते.
शनिवारी आली, लोणच्याची रिकामी बरणी
तीनदा घासूनही कैरीचा वास येणारी,
तिच्यात जाडसर दळलेली कॉफी,
माठातलं पाणी, तोंडाला फडकं,
सोळा तास फ्रिजमध्ये.
"आच नाही, उकळी नाही.
पोटाला सोपं असतं म्हणतात, पप्पा."
म्हणतात हा शब्द तिनं जरा दाबून म्हटला.
मला तो ऐकू आला नाही.

गार. गोडसर.
कडूपणा कुठल्या कुठे;
रात्रभर पाण्यात बसून बियांनी
आपसातलं भांडण मिटवलं असावं.
पेला भरून घेतला. मग दुसरा.
ती स्वयंपाकघरातून ओरडत होती,
अर्क आहे तो, निम्मं पाणी घाला.

त्या रात्री छातीत
यार्डात वाघिणी जोडताना होतो
तो आवाज. एकामागून एक.
पहाटेपर्यंत एवढी लांब गाडी जोडून झाली
आणि हलली मात्र नाही.

पुढच्या रविवारी ती कॉलेजातून
कागदाच्या बारीक पट्ट्या घेऊन आली.
दोन पेले, एक गरम, एक गार.
पट्ट्या बुडवल्या, खिडकीशी धरल्या.
दोन्ही तशाच पिवळट.
"पाच. झाला तर केसभर फरक."
मी चष्मा लावून पाहिलं. केसही दिसेना.

गरम पाणी घाई करतं, ती म्हणाली,
बरंवाईट सगळं ओढून आणतं,
तुमच्या गोळ्यांच्या खोक्यावर छापतात
ती अँटिऑक्सिडंटसुद्धा थोडी जास्तच.
थंड पाणी काही गोष्टी बीतच राहू देतं,
म्हणून जिभेला सौम्य.
पण कॅफिन? त्याला चमचे मोजता येतात,
आणि तास.

"मग बरं कोणतं?"
"अभ्यास झालेत, पण लहान लहान.
तुम्ही पिता किती वाजता?"

हे डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं.

आता अकराला एक कप, गरम, कागदातून गाळलेला.
तीनला मी बाहेर जातो,
कूलिंग टॉवरखाली उभा राहतो.
वरून तापलेलं पाणी धारांनी पडतं,
पडता पडता निवतं,
आणि तसंच आत जातं, परत तापायला.
तोंडावर बारीक तुषार येतात.
डोळे उघडे राहतात, बहुतेक.
जळजळ आहे अजून. ठेचाही आहे.

सकाळी घरी येतो तर ओट्यापाशी कुमुद,
बरणीतला उरलेला अर्क,
त्यात दूध, वर जायफळ किसलेलं,
सावकाश पीत.
"फेकून कायले द्यायचं?
मले काहीच होत नाही. मी रात्री झोपते."

लग्नानं झोपे झालेली बाई,
माझ्याहून खरी.