नमुने

परतवाड्याहून मी पाच तुकडे घेऊन मोथ्याला चढलो,
प्रत्येक हातभर लांबीचा:
साग, ऐन, बाहेरदेशचा पिवळा पाइन,
ॲल्युमिनियमची पट्टी,
आणि पांढरं यूपीव्हीसी, ज्याची गॅरंटी
दुकानदार फक्त तोंडी देतो.

मला वाटलं, चहा होईल, एकावर बोट ठेवतील,
इसार घेऊन दुपारच्या गाडीने उतरेन.
जानकीबाई शनवारेंनी पाचही तुकडे
म्हशींच्या गोठ्याला, वाऱ्याच्या अंगाला,
तारेने बांधले. म्हणाल्या,
"आता पुढल्या पुसात या."

पुढल्या पुसात!
हातातलं काम असं वर्षभर
तारेवर लटकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मुलगा पुण्याहून फोटो पाठवायचा:
भिंतभर सरकती काच, काचेपलीकडे दरी.
"आई, व्ह्यू पाय."
"दरी का पयून चालली का?" बाई म्हणायच्या,
आणि फोन शेणाच्या हातानेच बंद करायच्या.

चार महिने तिथे ढग जमिनीवरून चालतात.
मग एका रात्री आभाळ स्वच्छ होतं
आणि सकाळी गवत मीठ पेरल्यासारखं.

त्या मिठातून मी पहिल्या गाडीने पोचलो.
बाईंनी शालीतून हात काढला, एकेका तुकड्यावर ठेवला.
ॲल्युमिनियमवरून चटका बसावा तसा उचलला.
पाइन काळा पडलेला, नखाने उकरला तर
शिळ्या भाकरीसारखा सुटला.
ऐनाने पीळ खाल्ला होता.
यूपीव्हीसी, माझ्या धंद्याविरुद्ध सांगतो, ठणठणीत होतं,
फक्त एक कोपरा वानरांनी चावलेला.
साग राखेच्या रंगाचा.
मी गुण्या लावून पाहिला.
फटीतून उजेड कुठूनच आला नाही.

"एकच खिडकी," बाई म्हणाल्या, "लहान."
मी म्हटलं, दोन काचा बसवू, मधे बोटभर हवा कोंडून.
मला वाटलं होतं, हे समजवायला अर्धा तास लागेल.
"वाकयीतबी," त्या म्हणाल्या,
"दोन कापडाइच्या मधातच ऊब रायते."

उंची किती, विचारलं, तर खाली बसल्या
आणि दगडी भिंतीवर कोळशाने रेघ मारली:
"अठून गोठ्याचं दार दिसलं पायजे."
मुन्सी बेठेकर चुना कालवत होता, तिथूनच बोलला,
वळचण दीड हात बाहेर काढतो,
भिंत भिजलीच नाही तर तिला होणार काय?
मग बाईंनी वरच्या कोपऱ्यात
करंगळीएवढं भोक मागितलं.
"चुलीच्या वाफेले जायाले.
नाही त घर आतून रडते."

चार तुकडे पिशवीत घालून उतरलो.
सागाचा त्यांनी ठेवून घेतला,
गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून.

घरी पोचायला रात्र झाली.
आमची खिडकी ॲल्युमिनियमची, सरकती,
भाच्याने अर्ध्या किमतीत बसवून दिलेली.
खालच्या रुळात बायकोने टॉवेल कोंबला होता.
मी तो काढला, मोरीत पिळला,
पुन्हा नीट घडी करून
होता तिथेच लावला.