पानाची डावी बाजू

रुवीतल्या चौथ्या मजल्यावर
दुपारी तीनला नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापतं,
म्हणून रंगाचं पाणी मी सकाळीच भरून ठेवते
फ्रिजमध्ये, ताकाच्या भांड्याशेजारी.
एकदा त्यात कालचा गुलाबी उरला होता.
शिरीष अर्धा पेला पिऊन म्हणाला,
कोकम फिकं झालंय.

हे पाणी म्हणजे समुद्रच,
यंत्रात घालून मीठ काढलेला.
त्यातच मी मत्रहच्या बंदरावरची रात्र कालवते
आणि निळा ओला आहे तोवर
वर चिमूटभर मीठ भुरभुरते.
कण रंग पितात, भोवती चांदण्या फुटतात.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
पाण्याचं पाण्याला दिलंस, बरं केलंस.

जुलैत एसी बंद केला की कागद पापडासारखा फुगतो,
चालू ठेवला की कुंचला उचलायच्या आत रंग सुकतो.
मधलं काही नाही.

मग स्कॅनर. मग पडदा.
चित्र आठपट मोठं करून
एकेक ठिपका पुसत बसायचं:
धूळ, धूळ, कुंचल्यातला खारीचा केस, धूळ,
मीठ.
तिथं पेन थांबतं, उगाच.

या पेनला वास नाही, पण ते हाताला नावं ठेवत नाही.
मिरजेच्या शाळेत घाटपांडे बाईंनी
माझ्या डाव्या बोटांवर पट्टी मोडली होती.
तेव्हापासून अक्षर उजव्यानं, चित्र डाव्यानं,
अशी वाटणी झाली सातव्या वर्षी, ती अजून आहे.
शाई होती तोवर डाव्या तळव्याची कड कायम काळी.
आता काहीच फासत नाही.
संध्याकाळी हात स्वच्छ,
दिवसभर काय केलं त्याचा पुरावा नाही.

मंगळवारी बद्रियाचा फोन.
चित्रं छान आहेत, पण अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं.
होडी गोष्टीत शिरायला हवी, तुझी बाहेर चाललीय.
उलटव सगळं.

एक कळ दाबली.
सोळा पानं आरशात गेली.
होड्या वळल्या,
बकरीचा फाटका कान इकडचा तिकडे,
बुरूज डोंगराच्या दुसऱ्या खांद्यावर,
आणि गोष्टीतली शम्सा
डाव्या हातानं खजूर खाऊ लागली.

तासाभरानं निरोप आला:
तेवढा हात बदल, डाव्यानं खाणं बरं दिसत नाही.

तिचं बरोबरच आहे.
आमच्याकडेही हेच म्हणाले असते. म्हणालेच होते.
पान वाढायला मी उभ्या-उभ्या शिकले,
चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे,
भाजी उजवीकडे.
काही डावं-उजवं कळतं का, असं कोणी ओरडलं
की ते ताटाबद्दल आहे की माझ्याबद्दल,
हे मात्र कधी शिकता आलं नाही.

शम्साचा हात खांद्यापासून पुसला.
नवा उजवा काढला, डाव्यानं.
पडद्यावर तो फारच नीट आला,
दुकानातल्या बाहुलीचा असतो तसा.
म्हणून तळहाताएवढ्या कागदावर पुन्हा रंगवला,
गेरू, थोडा जांभळा, फ्रिजमधलं पाणी,
आणि स्कॅन करून चिकटवला.
जोड दिसत नाही, म्हणजे इतरांना.

शेवटच्या पानावर ती एकटी आहे,
धक्क्याखालच्या वाळूत काटकीनं काहीतरी काढतेय.
उलटल्यावर ती काटकीही डाव्या हातात आली होती.
ती मी तशीच राहू दिली.
बद्रियाच्या नजरेतून सुटली, की तिनं सोडली,
विचारलं नाही.

फाइल पाठवली आणि मूळ कागद खिडकीला धरला,
रंगाची बाजू उन्हाकडे करून,
लहानपणी चुका शोधायला धरायचे तसा.
काही न दाबता सगळं उलटं झालं,
होड्या, बकरी, बंदर.
न झाडलेले दोन-चार मिठाचे कण
मात्र चमकत होते तिथंच,
वर, मधोमध,
जिथं पानात वाढतात.