मालक या रकान्यात

शारजात, चर्चच्या मागच्या अंगाला,
जनरेटरच्या खोलीला लागून आमचं बायबल कॉलेज.
दोन खोल्या, कपाटाएवढं ग्रंथालय,
आणि एक एसी, ज्याच्याखाली बादली कायम.

मंगळवारी, गुरुवारी साडेसातला वर्ग.
क्रेनवरचा येसुपादम बूट बाहेर काढतो,
सिमेंटची पावलं तेवढी आत येतात.
शुलामिथ सिस्टर रात्रपाळीच्या आधी येते,
गणवेशावर शाल घेऊन, घड्याळाकडे बघत.
मी ओबेद साळवे. दिवसा डक्टिंगच्या कंपनीत बिलं लावतो,
संध्याकाळी इथे पुस्तकं.
पगार नाही. किल्ली आहे.

फेब्रुवारीत एकाच आठवड्यात तीन पत्रं आली.
कोट्टयमहून सिनडचं: कॉलेज आमचं, कारण ठराव आमचा.
टेनेसीच्या ट्रस्टचं: आमचं, कारण छप्पर आमच्या पैशाचं.
आणि चर्च कमिटीचं, वरच्या मजल्यावरून खाली,
पण कुरियरने:
आमचं, कारण वीजबिल आम्ही भरतो.
जमिनीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
ज्यांची जमीन, त्यांनी ती दिली तेव्हा
म्हणे चहा पाजला होता, आणि एवढंच विचारलं होतं
की पाणी नीट येतं ना.

बैठक साडेचार तास चालली. इतिवृत्त मी लिहिलं.
त्यातला दीड तास 'संलग्न' या एका शब्दावर.
थारियन अच्चन म्हणाले, संलग्न म्हणजे शेजारी.
खजिनदार म्हणाले, संलग्न म्हणजे हाताखाली.
शेवटी ठरलं, आधी मोजदाद करा,
काय आहे ते कळलं की कुणाचं ते बघू.

तर मी मोजतोय.
खुर्च्या एकतीस. पाठीवर स्टेन्सिलने
एका बांधकाम कंपनीचं नाव. तिचा मालक
सात महिन्यांचे पगार बुडवून रातोरात विमानात बसला.
त्याचे दोन कामगार आमच्या पहिल्या वर्षाला आहेत,
त्याच खुर्च्यांवर बसतात.
फळा एक. ग्रीक क्रियापदं पुसली तरी दिसतात.
बादली एक. तिच्यावर कुणाचाच दावा नाही.
पुस्तकं दोनशे चौदा,
आधी ट्रस्टचा शिक्का, त्यावर सिनडचा तिरका,
मग कमिटीचा निळा, गोल,
लेखकाचं नाव वाचायला पान उजेडाकडे धरावं लागतं.

क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी.
मराठी, जुनं भाषांतर, कापडी बांधणी, पाठीला चिकटपट्टी.
माझ्या खोलीत सहा जण, ढेकूण आणि ओल,
म्हणून मी ते इथल्या कपाटात आणून ठेवलेलं.
शेवटच्या कोऱ्या पानावर आईचं अक्षर:
ओबेद, बाप्तिस्मा, जालना, तारीख.
खाली केतुरा, जन्म आणि मृत्यू एकाच ओळीत.
त्या ओळीवरही तिन्ही शिक्के.
कुणी मारले ते शोधायची गरज नव्हती.
एका रात्री साठ पुस्तकांची चळत, मी एकटा,
हात चालत होता.

जूनमध्ये सुट्टीवर जातोय. ते सोबत न्यायचं
तर तिन्ही पक्षांची लेखी परवानगी लागते.
नियम मीच टाइप केलाय.
अच्चन म्हणतात, ने की रे, कोण विचारतंय?
तेच तर खुपतं.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

येसुपादम आज लवकर आला.
माझ्या कागदाकडे त्याने पाहिलं, विचारलं काही नाही.
बादली काठोकाठ होती. दोन्ही हातांनी उचलली,
न सांडता बाहेर नेली, कडुलिंबाच्या रोपाला घातली,
परत आणून त्याच टिपक्याखाली ठेवली.
टप् आवाज पुन्हा सुरू झाला, रिकाम्या तळावरचा, मोठा.

मालक हा रकाना दोनशे तेरा ओळी कोरा आहे.
एकशे अठ्ठ्याऐंशीसमोर लिहिलंय,
लेआबाई साळवे, मयत.
पेन्सिलीने.
म्हणजे तिघांपैकी कुणालाही खोडता येईल.