निवतीच्या उंडीचा अहवाल

धक्क्याच्या जांभ्यात अर्धी रुतलेली उंडी.
उरलेल्या अर्ध्या बुंध्यावर मी बारा खिळे ठोकले.
सालीतून हिरवट चीक आला, बोटांना लागला,
दोन दिवस गेला नाही.

एका खिळ्यावर हातोडीचा टोला,
बाकीचे अकरा ऐकतात.
भरीव लाकडातून आवाज पळत येतो,
कुजक्यातून रेंगाळतो,
पोकळी लागली तर वळसा घालून, उशिरा,
शाळेच्या वाटेवर करवंदं खात बसलेल्या पोरासारखा.

सहासष्ट वाटा,
प्रत्येकीला लागलेला वेळ म्हणजे एक बेरीज:
वाटेवरच्या बोटबोटभर लाकडाने
किती अडवलं, त्याची.
माझ्याकडे बेरजा आहेत.
बेरजेतले आकडे नाहीत.
ते परत मिळवायचे, हा माझा धंदा.

चहूकडून ऐकता आलं असतं
तर गणित सरळ होतं.
भिंतीकडून कोण ऐकणार?
जी कड एखाद्या वाटेला घासून जाते
तीच चित्रात उमटते.
जिला एकही वाट घासली नाही, ती असते,
पाण्याखालच्या खडकासारखी,
होडी लागेपर्यंत.

लाडू मेस्त पाठीशी उकिडवे.
होड्या बांधतात; होड्यांना तेल हिच्याच बियांचं.
"गो बाय, पोकळ आसा काय नाय, तेवढां सांग."
झाडाखाली रापणीची जाळी, ती सांधणारे सात जण,
शाळा सुटली की त्यांची पोरं.
सरपंच केळुसकरबाईंना पावसाआधी
होय किंवा नाही हवं.

पहिलं चित्र काढलं, यंत्राला सांगून
की लाकूड शेजारच्या लाकडासारखंच असतं.
बुंधा भरीव.
दुसरं काढलं, सांगून
की कडा थोड्याच असतात, पण असतात तिथे धारदार.
भिंतीलगत घागरीएवढी पोकळी.
सहासष्टच्या सहासष्ट बेरजा
दोन्ही चित्रांत जुळतात.

मेस्तांना कसं सांगू?
म्हटलं, काका, असा एक आकार असतो
जो मोजलेल्या प्रत्येक वाटेवर
कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी,
आणि एकूण शून्य.
चित्रात घाला, काढा, दसपट करा,
बेरजांना पत्ता लागत नाही.
आमच्या शास्त्रात त्याला भूतच म्हणतात.

ते हसले नाहीत.
"मगे ह्यां आमका ठावक आसा.
ह्या झाडार देवचार आसा. कोणाक दिसणा नाय."

अमावास्येच्या ओहोटीला पाणी पार मागे हटलं,
धक्क्याच्या पायातली दगड निखळलेली फट उघडी पडली.
मेस्त पोटावर झोपले, खांद्यापर्यंत हात आत घातला,
आधी फणस वाजवतात तसं बोटांनी,
मग माझ्या हातोडीने.
बारा खिळ्यांनी ऐकलं.
सहासष्टाच्या अठ्ठ्याहत्तर झाल्या.
एक कड जागी झाली:
घागर नव्हे, तांब्या.
तोही एकाच बाजूने.
दुसरी बाजू अजून देवचाराकडे.

अहवालात भरीव ते तपकिरी रंगवलं,
कुजकं ते पिवळं,
आणि भिंतीकडची उरलेली फाक कोरी ठेवली.
केळुसकरबाई म्हणाल्या, इथे शाई संपली का?
म्हटलं, नाही. वाटा संपल्या.

मेस्तांनी कागद उलटा, सुलटा, उन्हात धरला.
मग जाळ्यांची जागा चार हात सरकवली,
मला न विचारता.

निघताना बारांपैकी अकरा खिळे सुटले.
बारावा उंडीने सोडला नाही.
सामानाच्या यादीत त्याच्यापुढे "गहाळ" लिहिलं,
मग ते खोडून, "आत".