डावा कान

पंचगंगेच्या कडेची काळी माती
आबा अजून टाचेनंच मळतात.
दोन घरं सोडून मशीन आहे,
पण टाचेला खडा कळतो म्हणतात,
आणि कळतो.
हरभऱ्याएवढा शिंपल्याचा तुकडा काढून
उंबऱ्यावर ठेवतात, मला दिसेल असा.

मी गणपतीचे कान करत मोठी झाले.
दोन थापा, एक मुरड, झालं सूप.
सीझनला हजारभर.
माणसाचा कान मात्र या श्रावणात पहिलाच,
तोही ऐन घाईत.

तालमीनं सांगितलेलं: हिंदुराव वस्ताद, खांद्यापर्यंत,
आधी मातीत, मग साचा, मग ब्राँझ.
मान उभी राहिली, मिशी बसली,
फोटोवरून डोळेसुद्धा आले.
कानाशी मी आठवडाभर अडले.
सगळ्या फोटोंत वस्ताद उजवीकडूनच.

रणजितनं, त्यांच्या मुलानं, बुलेट बंद न करताच सांगितलं,
"दोन्ही कान सारखे करा. माणसं बघायला येणार."

स्वतःचा कान कुणी पाहिलेला नसतो.
मी मातीच्या बोटांनी माझाच चाचपत बसले:
बाहेरची कड, तिच्या आत दुसरी कड, मधली पन्हळ,
भोकापुढं एक छोटा उंबरा,
टरबुजाच्या बीपेक्षा थोडा मोठा.
आईचा केसांचा आकडा वाकवून पन्हळ कोरली.
पाळी शेवटी लावली, ओल्या बोटानं,
जशी शेवटची शेंगोळी वळून टाकतात.
चांगला झाला कान. कुणाचाही शोभला असता.

हौसाक्का पापाच्या तिकटीवरून चालत आल्या,
हातात भाजीची पिशवी, तशाच.
चेहऱ्याकडं बघितलंच नाही.
डावीकडं जाऊन उभ्या राहिल्या
आणि अंगठ्यानं
माझा कान चेपला.

"ह्यो न्हवं," म्हणाल्या.
"लग्नाच्या आदल्या सालीच फुटलेला.
मी बघितला त्यो असाच. बटाट्यागत.
तेल घालायचं तर करंगळी जाईना आत,
कापसाची वात करून सोडायची थेंब थेंब.
आन् ह्या बाजूनं ऐकूच यायचं न्हाई.
भांडायचं झालं की मी हिकडंच बसायची."

हसल्या. मग पिशवी खाली ठेवली.

मी माती भरत गेले, त्या दाबत गेल्या.
इथं फुगीर. इथं मुडपलेला. हितं न्हाई गं, वर.
त्यांचा अंगठा थांबेल तिथं माझा आकडा.
आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू,
माझ्या मातीत पिंजलेला कापूस;
त्या मातीनं तीस वर्षं घासून जे केलं
ते आम्ही दोघींनी
मेथी सुकायच्या आत करायला घेतलेलं.

भोक शेवटी राहिलं.
त्यांनी पदराचं टोक पिळून वात केली,
आत घालून बघितली,
आणि काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी आबांनी कंदील नाही, मोबाईलच धरला जवळ.
बराच वेळ.
"हितं फडकं ओलं ठेव," एवढंच म्हणाले,
"तडा पहिला पाळीलाच जातो."

खरवडून काढलेला चांगला कान
परत गोळ्यात गेला.
चौथ्या फळीवरच्या गणपतींत कुठंतरी असेल.

रणजित उद्या येणार आहे.