एक पॉइंट चार

जुलैत पुंता अरेनासमध्ये उजाडायला दहा वाजतात.
माझी सुबारू त्याच्याही नंतर उठते,
आणि तीही येर्को मार्तिनिचांच्या व्हॅनमधून वीज उसनी घेऊन.

बॅटरी नवी. ऑल्टरनेटर मागच्या वर्षीचा.
तरी किल्ली फिरवली की फक्त टक्,
आजोबांनी कवळी बसवावी तसा,
आणि पुढे काही नाही.

येर्को तीस वर्षं सामुद्रधुनीतल्या तेलविहिरींवर वायरमन.
आठव्या दिवशी त्यांना उसनवारीचा कंटाळा आला.
त्यांनी निगेटिव्ह वायर सोडवली, मध्ये मीटर घातला.
दार उघडंच होतं,
त्याचं बटण मात्र चिकटपट्टीनं दाबून ठेवलं,
म्हणजे गाडीला वाटावं, सगळे घरी गेले.
गाडी बंद. किल्ली माझ्या कोटात.
आकडा: एक पॉइंट चार.
"रात्रभर कुणीतरी पीत बसतंय, नेवेंका," ते म्हणाले.

मग मी स्टिअरिंगखाली आडवी, दातांत टॉर्च,
एकेक फ्यूज उपटत.
हीटर? एक पॉइंट चार.
भोंगा? एक पॉइंट चार.
मागचे दिवे, वायपर, सिगारेटचं ते कधीच न पेटणारं भोक.
वारा इतका की त्यांचे शब्द माझ्यापर्यंत
शेपटाकडूनच पोचायचे:
"...चार."
"...चार."
अकरावा निघाला आणि ते काहीच बोलले नाहीत.
मी डोकं बाहेर काढलं.
शून्य पॉइंट शून्य तीन.
"एवढं घड्याळ खातं," ते म्हणाले, "खाऊ दे."

अकरावा फ्यूज म्हणजे स्टिरिओ.
स्टिरिओ म्हणजे माझ्या आधीचा मालक,
पोर्वेनीरचा कुणी मेंढ्या कातरणारा,
ज्यानं सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवला
आणि त्याला जागं करणारी निळी वायर
कायम जिवंत असलेल्या पिवळीला पिळून टाकली,
वर जखमेची पट्टी. त्यात लोकरही अडकलेली.
चार वर्षं तो अ‍ॅम्प डोळे उघडे ठेवून पडला होता.
उन्हाळ्यात निभायचं.

निळी वायर तिच्या जागी गेली.
"आता ती कुईंही घालवतो," येर्को म्हणाले.
ती कुईं गाडीबरोबरच आली होती.
अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून वर चढायची,
सोडला की उतरायची,
निवेदक बातम्या सांगत असोत की कुणी गात असो.

जी वायर गाडीच्या पत्र्याला टेकवतात
तिला आमच्याकडे माती म्हणतात.
अ‍ॅम्पची माती सीटच्या बोल्टखाली होती,
रंगावर रंग, त्यावर गंज.
कातरणाऱ्यानं इथंही माती खाल्ली होती.
येर्कोंनी पॉलिशपेपरनं बोल्टखालचा पत्रा घासला,
नाण्यासारखा चमकेपर्यंत,
आणि वायर आवळली.

आम्ही किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालो.
रेडिओवर दूरच्या मेंढपाळ-वस्त्यांसाठी निरोप चालले होते:
एल्विराला कळावं, बोट गुरुवारी नाही, शनिवारी.
डॉन रुपेर्तोंचा दात काढला, ते बरे आहेत.
बाई जणू मागच्या सीटवर बसून वाचत होती.
तिनं पान उलटलं तेही ऐकू आलं.
येर्को खिडकीबाहेर बघत होते, खूश झाले की बघतात तसे.

टेकडीच्या चढाला इंजिन ओरडायला लागलं.
मी अजून दुसऱ्यातच.
"तिसरा," येर्को म्हणाले.
उतारावर पुन्हा, "चौथा, बाई, चौथा."
वेग दाखवणारा काटा मी घेतली तेव्हापासून मेलेला,
इंजिनच्या फेऱ्यांचा त्याच्याही आधी,
आणि या शहरात वारा इंजिनचं ऐकू देत नाही.
मी गिअर बदलत होते त्या कुईंवर.
ती जरा नाकात आली की तिसरा,
दातांत कळ मारली की चौथा.
हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

घरापाशी गाडी बंद केली तरी मी उतरले नाही.
"येर्को," मी विचारलं,
"थोडीशी... परत ठेवता येईल?"

त्यांना हसू येईल असं वाटलं होतं.
त्यांनी पॉलिशपेपर घडी करून ठेवला,
खिशातून मीटर काढला,
आणि सीटखाली वाकून विचारलं,
"किती?"