आडनावातलं गाव

ट्रंकेवर बाबांनी खडूनं लिहिलं: झिराडकर.
मी आठ वर्षांची. म्हटलं, हे तर नाव झालं,
पत्ता कुठंय?
ते म्हणाले, या खेपेला दोन्ही एकच.

भाऊच्या धक्क्यावर लाँचला एवढी रेटारेटी
की आईनं शलोमला पिठाच्या डब्यासारखा
लोकांच्या डोक्यांवरून पुढे दिला.
कुणी म्हणालं, जपान अंदमानला पोचला.
कुणी म्हणालं, मोसंबी उतरली.
पोर्ट ट्रस्टच्या कारकुनाला रजा नव्हती.
बाबा धक्क्यावर राहिले, हातात उमरखाडीच्या खोलीची किल्ली,
जी एरवी आईच्या कमरेला असायची.
मला वाईट वाटलं ते किल्लीचं.

झिराडला आमचं कुणी नव्हतं.
होता एक तेलाचा घाणा,
पूर्वी शनिवारी बंद असायचा,
आता सगळेच वार बंद.
लोक म्हणाले, शनवारतेल्यांची माणसं आली.
आईला बरं वाटलं.

शाळेत पोरं विचारायची, बॉम्ब पडला का गं?
पहिल्या दिवशी म्हटलं, नाही.
त्यांची तोंडं एवढीशी झाली.
दुसऱ्या दिवशी मी एक लहानसा पाडला,
भायखळ्याच्या बाजूला, कुणी मेलं नाही.
चिंचा मिळाल्या.
मग रोज एक.
आगरआळीतली भागी माझ्याआधी येऊन
फळ्याजवळची जागा धरून ठेवायची.
तिच्यासाठी मी आमची गल्लीच पाडली:
गॅसचा दिवा, इराण्याच्या बरण्या,
आमच्या मशिदीची रंगीत काच.
भागी म्हणाली, आणि तुजा बा?
मी म्हटलं, तेही.

दुसऱ्या दिवशी तिनं ओच्यातून अंडं आणलं,
उकडलेलं, अजून गरम.
आमच्यात मयताच्या घरी पहिला घास अंड्याचाच असतो.
हे तिला कोण सांगणार होतं!
मी ते खाल्लं. मीठ नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांचं कार्ड आलं, शाळेच्या पत्त्यावर.
मास्तरांनी मोठ्यानं वाचलं:
मी ठीक आहे. खिडक्यांना काळा कागद लावला, तो संपला,
शेवटच्या काचेला तुझा नकाशा डकवला आहे,
आता आपल्या खिडकीत आफ्रिका आहे.
भागीनं वळून पाहिलं नाही.
उद्यापासून ती शेवटच्या ओळीत.

बॉम्ब काही आला नाही. लोक परतले, आम्हीही.
आफ्रिका तशीच होती, कडेला जरा पिवळी.

मग चव्वेचाळीसचा एप्रिल, शुक्रवार, चार वाजून गेलेले.
आई शब्बाथच्या दिव्यात तेल ओतत होती.
आधी खोली हलली, आवाज मागून आला,
आणि आफ्रिका फुटली.
दुसऱ्या धडाक्याला मी टेबलाखाली.
बाहेर कोण काय ओरडत होतं त्यातून ऐकत होते:
दिवा गेला. बरण्या गेल्या. काच गेली.
मी सांगितलं होतं त्याच क्रमानं.
बाबा गोदीत.

आईनं दिवा लावला. वेळ झाली की लावायचा असतो.
बंदराकडचं आभाळ एवढं लाल
की ज्योत दिसेना.

रात्री साडेदहाला आले. अनवाणी,
केसांत कापसाची राख, कानांनी काही ऐकू येईना.
ओरडून विचारत होते, जेवलात का? जेवलात का?
आईनं दुपारी उकडून ठेवलेली अंडी पुढे केली.
मी म्हटलं, मला नको. बाबा, अंडं नको.
त्यांनी मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं.

त्यानंतर ते एकतीस वर्षं जगले.
डावा कान गेला तो गेलाच.
मी उजव्या बाजूला बसायचे,
सांगायचं राहूनच गेलं.

शलोम अश्दोदहून फोन करतो.
तिकडे भोंगा वाजला की जिन्याखाली बसतो, म्हातारा झालाय.
परवा विचारत होता, आपण कुठल्या गावाला गेलो होतो गं?
मला काहीच आठवत नाही, फक्त तेलाचा वास.
तोंडावर आलं होतं, आडनावात बघ.
पण त्यानं ते तिकडं गेल्यावर
छोटं करून घेतलंय.